जंगलावर पीएचडी करायची आहे? आधी फेलोशिपचं गणित समजून घ्या

मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं फणसाड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. एकेकाळी हे जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं जंगल होतं. आज इथे शेकरू राहतो. अशा जंगलावर संशोधन करण्यासाठी पेण-रोह्याच्या मुलांना घरचे पैसे घालावेच लागतात, असं नाही.

मुख्य वाट सीएसआयआर-यूजीसी नेटची. जीवशास्त्रातून जेआरएफ मिळाली आणि पीएचडीला प्रवेश झाला, की पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये मिळतात (१ जानेवारी २०२३ पासूनचे दर). घरभाडे भत्ता वेगळा. मात्र नुसती नेट पास होऊन भागत नाही. नाव जेआरएफच्या यादीत यावं लागतं.

कातकरी, ठाकूर अशा अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची स्वतंत्र फेलोशिप आहे. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती याही संस्था पीएचडीसाठी फेलोशिप देतात.

अभयारण्यात अभ्यास करायचा तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगी लागते. हा अर्ज वेळेत करा. बेडकांवर काम असेल आणि परवानगी पावसाळ्यानंतर आली, तर एक वर्ष हातचं जातं, फेलोशिपची मुदत मात्र चालूच राहते.