वेशीबाहेरची राखण

गाव वेशीच्या आत आणि आपली वस्ती बाहेर, हे कुणी ठरवलं? "पूर्वापार चालत आलंय" म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचा १९४८ सालचा 'द अनटचेबल्स' वाचावा.

बाबासाहेब या प्रश्नाचं मूळ धर्मशास्त्रात नव्हे, गुराढोरांत आणि धान्यात शोधतात. आदिम टोळ्यांची संपत्ती म्हणजे गुरं. जिथे चारा, तिथे टोळी. काही टोळ्या शेती करू लागल्या आणि जमिनीला बांधल्या गेल्या. भटक्या टोळ्या त्यांची गुरं आणि धान्य लुटू लागल्या. पाठलाग करावा, तर उभं पीक सोडून जाणार कसं? दुसरीकडे टोळीयुद्धांत हरून वाताहत झालेले लोक अन्न-आसऱ्यासाठी वणवण हिंडत होते. सौदा ठरला : यांनी राखण करायची, गावानं पोट भरायचं. हे परक्या रक्ताचे, आणि धाड शिवेवरच अडवायची, म्हणून वस्ती बाहेर. ती चौकी होती मित्रांनो, विटाळाची जागा नव्हे!

हा सिद्धान्त आहे, त्यावर वाद जरूर घाला. पण आयर्लंड-वेल्समध्येही असे परके गावाबाहेर राहत. पुढे ते गावात मिसळून गेले. इथे का नाही? बाबासाहेबांच्या मते बौद्धांचा द्वेष आणि गोमांसाचं निमित्त करून इ.स. ४०० च्या सुमारास अस्पृश्यता लादली गेली.

शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष गावाला चालायची. गावाच्या पाण्याला त्याचा हात मात्र चालत नव्हता. म्हणून २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जावं लागलं आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडावं लागलं.