अडगांवचा बॅगपाइपवाला

आश्विन लागला कीं टेंभी नाक्यावर देवीची मिरवणूक येते. वाजंत्र्यांचा गजर जवळ आला म्हणजे कडेला उभ्या असलेल्या गंभीर गृहस्थाचेंहि पाऊल नकळत हलतें. अशा वेळीं आम्हांस एका स्कॉच वाजंत्र्याची आठवण होते. त्याचें कर्तृत्व आपल्याच मुलखांत घडलें. पण ज्या हकीकतींत तो भेटतो, तींत त्याचें नांव नाहीं.

तो ७८ व्या हायलंडर पलटणींतला बॅगपाइपवाला. हें वाद्य म्हणजे पखालीची जणूं धाकटी बहीणच. कातडी पिशवींत तोंडानें हवा भरावयाची, व ती बगलेनें दाबून नळ्यांतून सोडावयाची. आपल्या रणशिंगाप्रमाणें याचीहि जागा लढाईच्या ऐन गर्दींत.

२३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईस वेलस्लीची शिंदे-भोसल्यांशीं गांठ पडली. जखमींस उचलून मागें डॉक्टरांकडे नेण्याचा वाजंत्र्यांस हुकूम झाला. तो आपणांसहि लागू आहे असें समजून या गड्यानें वाद्य खालीं ठेवलें व तो जखमी वाहूं लागला. शिंद्यांच्या तोफांनीं त्या दिवशीं केलेला संहार ध्यानीं घेतां हें काम पुण्याचेंच होतें, असें आम्हांस वाटतें. सोबत्यांचें मत निराळें पडलें. बासरीवाले मागें गेले तर बिघडलें काय? पण बॅगपाइपवाल्यानें त्यांच्या पंक्तीस बसावें! बिचाऱ्यास तोंड दाखविण्याची सोय राहिली नाहीं.

पुढें २९ नोव्हेंबरला वऱ्हाडांत अडगांवीं पुन्हां तोंड लागलें. मराठ्यांच्या तोफा सुरू होतांच, असईस शौर्यानें लढलेल्या तीन देशी पलटणी बिथरून मागें फिरल्या. खुद्द वेलस्लीस त्यांना सांवरावें लागलें. मग फौज पुढें सरकली, आणि आमच्या या गड्यानें असा कांहीं सूर धरला कीं ७८ वी पलटण आवरेना. वेळेआधींच धांवून जाऊन ती फळी मोडते कीं काय, अशी भीति पडली. अखेर कर्नल अ‍ॅडम्सनें त्यास वाजविणें बंद करण्याचा हुकूम दिला. याहून मोठी बिदागी कोणत्या वाजंत्र्यास मिळाली असेल?

लढाई आपण हरलों. १७ डिसेंबरच्या देवगांवच्या तहानें भोसल्यांचें कटक गेलें, वर्धेच्या पश्चिमेकडचें वऱ्हाडहि गेलें. त्यांच्या नगारखान्यांतल्या माणसांविषयीं ही हकीकत अर्थातच कांहीं सांगत नाहीं. बॅगपाइपवाल्याची मात्र गेलेली अब्रू कांहीं अंशीं परत आली, असें तींत लिहिलें आहे. कांहीं अंशींच!