ड्युको गेला, सवयी राहिल्या

आमच्या शाळेजवळ गॅरेजांची एक रांग आहे. तिथल्या निम्म्या पाट्यांवर 'डेंटिंग, पेंटिंग, ड्युको' असे लिहिलेले असते. माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांचे वडील, मामा, थोरले भाऊ याच रांगेत काम करतात. मराठीच्या तासाला मी एकदा मुलांना घरातल्या कामाचे शब्द लिहून आणायला सांगितले. लांबी, पुट्टी, काचपेपर, थिनर, रबिंग, 'दोन हात मारणे' असे कितीतरी शब्द फळ्यावर जमले. त्यात 'ड्युको'ही होता. त्याचा अर्थ विचारल्यावर सगळ्यांनी एकच उत्तर दिले, "गाडीचा रंग, सर."

ड्युको म्हणजे गाडीचा रंग नव्हे. ते अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या एका रंगाचे व्यापारी नाव होते. ज्या रसायनापासून तो रंग बनत असे, ते आजच्या बहुतेक गाड्यांवर नसते. रंग बदलून कित्येक वर्षे झाली, शब्द मात्र टिकला. शब्द टिकल्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण त्या शब्दासोबत त्या काळातल्या काही सवयीही टिकल्या आहेत आणि त्यांतली एक सवय माणसाच्या फुप्फुसावर बेतणारी आहे. म्हणून हा इतिहास नीट पाहायला हवा.

मोटार आली तेव्हा तिचा स्वतःचा असा रंग नव्हता. घोडागाडी रंगवणाऱ्यांनीच मोटारी रंगवायला घेतल्या. जवसाच्या तेलातला रंग आणि वार्निश ब्रशने लावायचे, वाळू द्यायचे, प्युमिस दगडाच्या भुकटीने घासायचे आणि पुन्हा हात द्यायचा, अशी ती पद्धत होती. तेल हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते, त्यामुळे एक गाडी रंगवायला कित्येक आठवडे लागत. गाड्या वाळवण्यासाठी कारखान्यांना मोठमोठी कोठारे बांधावी लागत.

हेन्री फोर्डच्या मॉडेल टीने यातून वाट काढली ती काळ्या रंगाची. 1914 ते 1925 या काळात ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळत होती. हा काळा रंग डांबरवर्गातल्या खनिजापासून बनत असे आणि त्याचे बरेच काम भट्टीच्या उष्णतेत होई. स्वस्त आणि टिकाऊ अशा या रंगाला 'जपान ब्लॅक' म्हणत. जपानी लाखकामाची नक्कल युरोपात होऊ लागली, तेव्हापासून तशा चकचकीत काळ्या लेपाला जपानचे नाव चिकटले होते.

भाषा शिकवणाऱ्याला इथे थोडे थांबावेसे वाटते. इंग्रजीतला 'लॅकर' हा शब्द आपल्याच 'लाख'चा नातलग आहे. संस्कृत लाक्षा, फारसी लाक, पोर्तुगीज लाका असा प्रवास करत तो युरोपात पोहोचला. आपले 'रोगण' फारसीतल्या 'रोग़न'वरून आले. रोग़न म्हणजे तेल, म्हणून उर्दूत आजही रंग-रोग़न म्हणतात. सावंतवाडीचे चितारी गंजिफाच्या गोल पत्त्यांवर आणि लाकडी वस्तूंवर लाखेचा लेप देत आले आहेत. गंजिफा हा शब्दही फारसीच. चमकदार लेपाची कला आपल्याकडे मोटारीच्या कितीतरी आधीपासून होती. नवीन होती ती घाई.

ही घाई जनरल मोटर्सला झाली होती. कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांना आठवड्यांचे काम तासांत व्हायला हवे होते. रंगतज्ज्ञांनी ते अशक्य ठरवले. त्याच सुमारास ड्युपाँटपुढे वेगळाच प्रश्न होता. पहिल्या महायुद्धात तिने नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली बंदुकीची दारू प्रचंड प्रमाणात बनवली होती. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. युद्ध संपले आणि या मालाचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. थिनरमध्ये विरघळवून त्याचा लेप देता येतो, हे आधीपासून माहीत होते. पण ते द्रावण इतके दाट होई की पुरेसा जाड थर बसत नसे. 1920 मध्ये ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत हे द्रावण पातळ ठेवण्याचा मार्ग जवळजवळ अपघातानेच सापडला. ड्युपाँटकडे जनरल मोटर्सचे मोठे भागभांडवल होते, त्यामुळे दोघांचे प्रश्न एकत्र सुटले. 1923 मध्ये 'ओकलंड' ही गाडी निळ्या ड्युकोत बाजारात आली. आठवड्यांचे काम दिवसांवर आले, पुढे तासांवर. युद्धासाठी उभारलेले रसायनशास्त्र गाडीच्या बॉनेटवर चमकू लागले.

1928 मध्ये याच जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी रस्त्यावर आल्या. या गाड्यांची डागडुजी करता करता गॅरेजवाल्यांची एक अख्खी पिढी तयार झाली. यांतले बरेच कारागीर मुसलमान होते, आजही आहेत. शाळा लवकर सुटली, तरी उस्तादाच्या हाताखाली शिकायला मिळत असे. हे शिक्षण डोळ्यांनी आणि हातांनी घेतलेले, कागदावर काहीच नाही. त्यामुळे उस्तादाच्या काळातला रंग गेला तरी त्याची पद्धत शागिर्दाकडे तशीच राहिली.

आता त्या पद्धती पाहू.

ड्युकोसारखा लॅकर थिनर उडून गेल्याने वाळतो. त्यात रासायनिक बदल होत नाही. वाळलेल्या लॅकरवर थिनरचे फडके फिरवले की रंग पुन्हा विरघळून फडक्याला लागतो. बंदुकीतून मारलेला हा रंग बहुतेकदा मंद दिसे. चमक आणायला तो कंपाउंडने घासावा लागे. म्हणूनच रंगानंतर 'रबिंग-पॉलिश' हा कामाचा भागच झाला. काही वर्षांत हवापाण्याने वरचा थर विटला की पुन्हा रबिंग करायचे आणि खालचा ताजा रंग वर काढायचा. रंग एकजीव होता, वरपासून खालपर्यंत तोच, त्यामुळे हे चालत असे. पावसाळ्यात दमट हवेने लॅकरवर पांढरट झाक येई, म्हणून जुने उस्ताद पावसात काम टाळत.

रबिंगच्या जोडीला मेण आले. मोटारीच्या मेणातले सर्वांत नावाजलेले कार्नोबा ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवर मिळते. कडक उन्हाळ्यात पानातले पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःवर मेणाचा थर चढवते. पाने वाळवून, झोडपून ते काढतात. सुमारे 82 ते 86 अंश सेल्सिअसला ते वितळते, म्हणून उन्हात तापलेल्या पत्र्यावरही टिकते. पानातले पाणी अडवणारे मेण गाडीवर बाहेरचे पाणी अडवते. पण ते आतले काहीही बाहेर पडू देत नाही, आणि नव्या रंगाच्या बाबतीत नेमका हाच मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

कारखान्यात नुसता पत्रा असतो. तो सुमारे 140 अंशांच्या भट्टीतून जातो आणि रंग तिथेच पक्का होतो. गॅरेजमधल्या गाडीला टायर, वायरी, प्लास्टिक सगळे असते. तिला फार तर 60 अंशांच्या आसपास ऊब देता येते, नाहीतर उघड्या हवेतच वाळवतात. असा रंग हाताला कोरडा लागला तरी आत ओला असतो. त्यातला थिनर कित्येक आठवडे थोडा थोडा बाहेर पडत राहतो. त्यावर लगेच मेण, सिलिकॉनचे पॉलिश किंवा सिरॅमिक कोटिंग चढवले तर थिनर आत कोंडतो. रंग मऊ राहतो, चमक मरते, कधी फोड येतात. साधारण नियम असा की भट्टीत वाळवलेल्या गाडीला 30 दिवस, हवेत वाळवलेल्या गाडीला 60 ते 90 दिवस मेण लावू नये. नेमकी मुदत रंगाच्या कंपनीप्रमाणे बदलते, ती रंगाऱ्याला विचारून घ्यावी. गाडी ताब्यात देतानाच "आजच कोटिंग करून घ्या" असा आग्रह कोणी धरला, तर नम्रपणे नाही म्हणावे.

मधल्या काळात काय करावे? पहिला आठवडा गाडी धुऊ नये. नंतर सावलीत, साध्या पाण्याने आणि मऊ हाताने धुवावी. फिरत्या ब्रशच्या यंत्रात नेऊ नये. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. धूळ कोरड्या फडक्याने झटकू नये, कारण धुळीतली वाळू मऊ रंगावर काचपेपरचे काम करते. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग स्वच्छ मायक्रोफायबरने टिपावे. बोअरचे जड पाणी गाडीवर वाळू देऊ नये, त्याचे डाग बसतात. पक्ष्याची विष्ठा आणि झाडाचा चीक दिसताच पाण्याने भिजवून काढावा, नखाने खरवडू नये. गाडीवर आवरण घालू नये. ते घासते आणि वाफ कोंडते. चमक यावी म्हणून डिझेलचे बोळे फिरवण्याची जुनी पद्धत तर ताज्या रंगासाठी फारच वाईट. पेट्रोल भरताना थेंब सांडला तर लगेच धुवावा.

यातली बरीच पथ्ये ड्युकोच्या काळातही योग्य होती. पण रबिंगचे तसे नाही. 1980 च्या दशकापासून मोटारींवर दोन थरांची पद्धत रुळत गेली. खाली पातळ रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक आणि उन्हापासूनचे रक्षण दोन्ही या वरच्या थरात असतात. तो जेमतेम 40 ते 50 मायक्रॉन असतो, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही बारीक. रंग पक्का झाल्यावर धुळीचे कण काढायला एकदा हलके रबिंग करणे ठीक आहे. पण दर ईदला, दर दिवाळीला "गाडी नवी करून द्या" म्हणत रबिंग करून घेतले, तर आपण पैसे मोजून ते संरक्षण घासून टाकत असतो. टपावर आणि बॉनेटवर पांढरी सालपटे निघालेल्या गाड्या आपण पाहतो. उन्हाने आणि अशा घासण्याने झिजलेल्या क्लिअर कोटची ती गत असते. लॅकरच्या खाली लॅकरच होता. क्लिअर कोटच्या खाली उन्हाला तोंड देणारे दुसरे काही नाही.

दुसरी टिकून राहिलेली सवय म्हणजे तोंडाला बांधलेला रुमाल.

आजचा क्लिअर कोट बहुधा दोन डब्यांचा असतो, एकात राळ आणि दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की त्यांची रासायनिक क्रिया होऊन पॉलियुरेथेन तयार होते. या रसायनाचा शोध जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये लावला. असा रंग थिनरने विरघळत नाही, म्हणूनच तो इतका टिकतो. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातली रसायने असतात. भोपाळमध्ये 1984 साली ज्या वायूने हजारोंचा जीव घेतला, तो याच वर्गातला होता. हार्डनरमधली रसायने त्याच्याइतकी जहाल नाहीत आणि सहज उडतही नाहीत. पण स्प्रेगनमधून त्यांचा धुरळा होतो आणि तो श्वासातून आत जातो. त्यातून रंगाऱ्यांना दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. शरीर एकदा या रसायनाला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या धुरळ्यानेही धाप लागते. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असेही नाही. रुमाल आणि धुळीचा साधा मास्क याला अडवत नाहीत. नळीने बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, चष्मा आणि हवा खेचणारा बंदिस्त कक्ष हाच खरा उपाय.

जुना थिनरही निरुपद्रवी नव्हता. डोके दुखे, चक्कर येई, पण मोकळ्या हवेत गेले की उतरे. त्या अनुभवातून उस्तादांनी रुमालाची रीत घातली आणि तीच शागिर्दाने उचलली. डब्यातले रसायन बदलले, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. सूचना डब्यावर आहेत, पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. माझ्या वर्गातल्या एका मुलाने घरच्या शब्दांच्या यादीत 'ॲलर्जी' लिहिले होते. विचारले तर म्हणाला, "भाई को रंग की एलर्जी है सर, रात को साँस नहीं आती." घरात सगळ्यांनी ते नशीब म्हणून मान्य केले होते. मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले आणि भावाला छातीच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितले. तो काय काम करतो, हे डॉक्टरांना आधी सांगा, असेही बजावले.

घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात नियम झाले. 1 नोव्हेंबर 2017 पासून 90 पीपीएमहून जास्त शिसे असलेले सजावटीचे रंग विकता येत नाहीत. तो नियम घरात राहणाऱ्यांसाठी आहे. गॅरेजमध्ये हातात बंदूक धरून उभ्या असलेल्या मुलापर्यंत असे काही पोहोचायचे, तर ते त्याच्या भाषेत आणि त्याच्या उस्तादाच्या तोंडूनच पोहोचायला हवे.

तेव्हा गाडी रंगवायला दिलीत तर तीन प्रश्न जरूर विचारा. रंग एका डब्याचा की दोन? मेण किती दिवसांनी लावायचे? आणि रंग मारणाऱ्या मुलाकडे मास्क आहे का? तिसऱ्या प्रश्नाने बिल थोडे वाढेल. ते खुशीने द्या.