आठ चाली, दहा पावलं

गोरेगावच्या पारावर तू कोळशानं वाघबकरीचा पट आखलास. खडा उचलतोस, आणि पार पायाखालून सरकतो. साल १९५२. मागं राहिलेलं गाव अजून परभणी जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात आहे. हिंगोली जिल्हा व्हायला सत्तेचाळीस वर्षं अवकाश.

समोर मँचेस्टरचं अवाढव्य यंत्र. ख्रिस्तोफर स्ट्रेची नावाच्या शाळामास्तरानं त्याला ड्राफ्ट्स हा सोंगट्यांचा खेळ शिकवलाय. काचेच्या नळीवर पट उजळतो. तू फार रेंगाळलास तर टेलिप्रिंटर खडखडत तुला दटावतो.

पण यंत्राची नजर तोकडी. दर खेपेला आठ चाली धर आणि दहा पावलं पुढं बघ: १०७ कोटींहून जास्त शेवट! एवढे कोण तपासणार?

१९६७. यंत्राला हाच खेळ शिकवणारा आर्थर सॅम्युएल युक्ती दाखवतो. तुझ्या चालीला समोरच्याकडं एक जरी असं उत्तर निघालं की ती तुझ्या हातातल्या चालीहून वाईट ठरते, तर तिथंच थांब; बाकीची उत्तरं बघूच नकोस. त्यासाठी तो चाली आधी वरवर चाळतो आणि चांगली वाटेल ती पुढं घेतो. क्रम अचूक लागला तर १०७ कोटींतले ६५,५३५ शेवटच तपासावे लागतात, आणि निकाल तोच येतो. मला या विषयात याहून सुंदर काही दिसत नाही.

१९९०. ड्राफ्ट्सचा जगज्जेता मॅरियन टिन्स्ली समोर, पलीकडं अल्बर्टा विद्यापीठाच्या जोनाथन शेफरचा ‘चिनूक’ हा प्रोग्राम. यंत्र दहावी चाल करतं, आणि टिन्स्ली लगेच बजावतो की याचा पस्तावा होईल. यंत्राला धोका दिसत नाही. पुढच्या सव्वीस चालींत ते हार मानतं. तू त्या माणसाच्या डोळ्यांकडं बघत राहतोस: त्यानं चालींच्या कुठल्या फांद्या न बघताच सोडल्या असतील?

२००७. दहा किंवा कमी सोंगट्यांच्या ३९ लाख कोटी स्थिती शेफरनं आधीच सोडवून ठेवल्यात. शोध तिथवर पोचला की पुढं बघावंच लागत नाही. अठरा वर्षांच्या खटपटीनंतर निकाल लागतो: दोघंही अचूक खेळले तर बरोबरी.

पार पुन्हा पायाखाली येतो. समोरचा गडी वाघ सरकवून वाट बघतोय. तू सगळ्या बकऱ्यांवरून नजर फिरवत नाहीस. जी मेली तर कोंडी फुटेल, आधी तिच्याच शेजारची मोकळी घरं बघतोस.