आजोबांची भाकरी, खोपोलीचं पाणी आणि तुमची शुगर



प्रभादेवीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला एक प्रश्न वरचेवर ऐकावा लागतो. समोर चाळिशीतला माणूस बसलेला असतो, हातात रक्ताचा रिपोर्ट असतो आणि तो म्हणतो, "डॉक्टर, आमचे आजोबा गिरणीत होते. एका बैठकीला चार भाकऱ्या खायचे, वर गूळ. त्यांना कधी शुगर झाली नाही. मी निम्मंसुद्धा खात नाही. मग मलाच कशी?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ऊर्जेच्या हिशोबात आहे, आणि हा हिशोब समजून घ्यायला आपल्या गिरणगावाइतकी चांगली जागा नाही. म्हणून आज गोळ्यांबद्दल नाही, थोडं इतिहासाबद्दल बोलू.

कोळशाची गिरणी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, प्रभादेवी हा सगळा भाग धुरांड्यांनी भरून गेला. या गिरण्या चालायच्या कोळशावर. बॉयलरमध्ये कोळसा जळायचा, पाण्याची वाफ व्हायची, वाफ इंजिनाचं मोठं चाक फिरवायची आणि त्या चाकावरून दोर, दांडे आणि पट्टे यांच्यामार्फत ती गती मजल्यामजल्यावरच्या साच्यांपर्यंत पोचायची.

शाळेत शिकलेले शब्द इथे आठवून पाहा. कोळशात असते रासायनिक ऊर्जा. ती जळली की उष्णता होते. उष्णतेची गतिज ऊर्जा होते आणि शेवटी धोटा हलतो. या प्रवासात ऊर्जा कुठेही नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते. मात्र रूप बदलताना तिचा मोठा वाटा उष्णता बनून हवेत निघून जातो. त्या काळच्या वाफेच्या इंजिनात तर कोळशातल्या ऊर्जेचा अगदी थोडा भागच साच्याच्या कामी यायचा. बाकीची ऊर्जा धुरांड्यातून आणि बॉयलरखान्याच्या उकाड्यातून निघून जायची.

पाऊस गिरणीत कसा आला

कोळसा दुरून आणावा लागे. तो महाग पडायचा आणि शहरभर धूर करायचा. सह्याद्रीवर धो धो कोसळणाऱ्या पावसापासून वीज करावी, हे जमशेटजी टाटांचं स्वप्न होतं. ते १९०४ साली वारले, पण काम पुढे चालू राहिलं. १९१० मध्ये टाटा हायड्रो कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधले गेले आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. घाटमाथ्यावरचं पाणी जाड नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडायचं, त्याच्या जोराने टर्बाइन फिरवायचं आणि तयार झालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आणायची, अशी ती योजना होती.

ही साखळी मागे मागे नेऊन पाहा. साचा फिरवते मोटर, मोटर फिरवते वीज, वीज येते खाली कोसळणाऱ्या पाण्यातून. ते पाणी घाटमाथ्यावर साठलेलं असताना त्यात स्थितिज ऊर्जा होती. पण पाणी तिथे चढवलं कोणी? सूर्याने. समुद्राची वाफ झाली, ढग झाले, सह्याद्रीवर पाऊस पडला.

या विजेची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही, हेही लक्षात असू द्या. भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं तेव्हा जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. त्याचे नेते होते पांडुरंग महादेव बापट, म्हणजेच सेनापती बापट. आपल्या स्टेशनला लागून जाणारा, जुनी माणसं ज्याला तुळशी पाइप रोड म्हणतात, तो रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्या गिरण्यांना ही वीज हवी होती, त्यांतल्या काही याच रस्त्यावर होत्या.

हा नियम सुचला एका डॉक्टरला

ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, ती फक्त रूप बदलते. हा नियम मांडणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक डॉक्टर होता, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

जर्मनीचे युलियस रॉबर्ट मायर डच जहाजावर डॉक्टर म्हणून १८४० साली जावा बेटावर पोचले. त्या काळी आजारी माणसाची शीर कापून रक्त काढायची पद्धत होती. खलाशांचं रक्त काढताना मायर चमकले. शिरेतलं रक्त गडद असायला हवं, इथे ते लालभडक होतं. त्यांना वाटलं, आपली चुकून धमनी कापली गेली की काय!

मग ते विचार करू लागले. प्राण्याचा श्वास म्हणजे एक मंद ज्वलनच आहे, हे फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी आधीच्या शतकात दाखवलं होतं. मायर यांनी तर्क केला, की उष्ण प्रदेशात अंग गरम ठेवायला शरीराला कमी जाळावं लागतं, म्हणून रक्तातला ऑक्सिजन कमी खर्च होतो आणि रक्त लाल राहतं. आज आपण जाणतो, की उष्णतेने कातडीकडे जाणारा रक्तपुरवठा वाढतो आणि त्यामुळेही तिथल्या शिरेतलं रक्त लाल दिसतं. पण मायर तिथे थांबले नाहीत. अन्नातून येणारी ऊर्जा एकच आहे, तिचीच उष्णता होते आणि तिचंच काम होतं, हा त्यांचा निष्कर्ष मात्र पक्का ठरला. १८४२ मध्ये त्यांनी तो छापला. सुरुवातीला फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ जेम्स जूल प्रयोग करत होते. घरचा बिअर बनवण्याचा कारखाना. वाफेच्या इंजिनापेक्षा विजेची मोटर स्वस्त पडेल का, हा त्यांचा सुरुवातीचा प्रश्न होता. त्यातून ते ठराविक कामापासून किती उष्णता मिळते ते मोजू लागले. ऊर्जेच्या एककाला आज त्यांचंच नाव आहे.

तुमची भाकरीही सूर्याचीच

आता गिरणीतून शरीरात येऊ. ज्वारी सूर्यप्रकाशावर वाढते. भाकरी पचली की तिची ग्लुकोज होते. पेशी ग्लुकोज ऑक्सिजनबरोबर सावकाश 'जाळते' आणि त्यातून स्नायू चालतात. स्नायूंचा हिशोबही इंजिनासारखाच आहे. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्के प्रत्यक्ष कामाला लागते, बाकीची उष्णता होते. म्हणूनच जिना चढल्यावर घाम येतो.

आहारातली एक कॅलरी म्हणजे एक लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवण्याइतकी ऊर्जा. दिवसाला २००० कॅलरी खर्च करणारं शरीर सरासरी १०० वॉटच्या बल्बइतकी ऊर्जा वापरतं.

आता एक गंमत पाहा. घाटमाथ्यावरचं एक लिटर पाणी ५०० मीटर खाली कोसळलं, तर जेमतेम सव्वा कॅलरीइतकी ऊर्जा मिळते. एका वडापावात सुमारे ३०० कॅलरी असतात. म्हणजे एका वडापावाइतकी ऊर्जा मिळवायला जवळजवळ अडीचशे लिटर पाणी अख्खा घाट उतरवावं लागेल!

उलट बाजूनेही पाहू. ६० किलो वजनाचा माणूस एक मजला चढतो तेव्हा सुमारे दोन कॅलरी खर्च होतात. म्हणजे तो वडापाव 'उतरवायला' दीडशे मजले चढावे लागतील. अन्नात ऊर्जा किती दाटून भरलेली असते, याचा आपल्याला अंदाजच नसतो.

आजोबांची ऊर्जा जायची कुठे?

आजोबांच्या साच्याला वीज मिळाली, तरी त्यांच्या अंगाची मेहनत संपली नव्हती. साच्यांमध्ये पाळीभर उभं राहायचं, धागे जोडत फिरायचं, पाळी सुटली की चालत चाळीत यायचं, जिने चढायचे, नळावरून पाणी भरायचं. गावाहून एकट्या आलेल्या कामगाराला खानावळीचं जेवण असे. अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या ताटातली बरीचशी ऊर्जा संध्याकाळपर्यंत खर्च झालेली असायची.

मात्र जुने दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. कापसाच्या धुळीने अनेकांची फुप्फुसं कायमची खराब झाली. क्षयाने माणसं गेली. आणि आजोबांना शुगर नव्हतीच, हेही छातीठोक सांगता येत नाही. त्यांचं रक्त कधी तपासलं होतं का, हे घरी विचारून पाहा.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. आज ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आहेत. स्टेशनचं नावही २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. आजोबा जिथे पाळीभर उभे असत, त्याच परिसरात नातू दहा तास खुर्चीत बसतो. वर जायला लिफ्ट आहे, आणि जेवण मोबाइलवरून टेबलापर्यंत येतं. मेहनत यंत्रांकडे गेली, भूक मात्र आपल्याकडेच राहिली.

हे मोजलेलं आहे

१९५६ साली ज्याँ मायर (आधीच्या मायर यांच्याशी नातं नाही) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या माणसांचा आहार आणि वजन तपासलं. हलकं काम करणारे जड काम करणाऱ्यांपेक्षा कमी खात होते, हे बरोबरच. पण अगदी बैठं काम करणाऱ्यांचं खाणं मात्र पुन्हा वाढलेलं होतं, आणि वजनही जास्त होतं. थोडक्यात, हालचाल एका मर्यादेखाली गेली की भूक आपला अंदाज चुकवते.

त्याआधी १९५३ मध्ये लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पुढे गणवेशाची मापं पाहिली तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटीचा कमरेचा घेर जास्त निघाला.

मग साखर वाढते कशी?

न वापरलेली ग्लुकोज आधी यकृतात आणि स्नायूंत साठते. ही कोठारं लहान असतात. ती भरली की उरलेल्या ऊर्जेची चरबी होते, कारण एका ग्रॅम चरबीत ९ कॅलरी मावतात आणि साखरेत फक्त ४. आपल्याकडे ही चरबी पोटात आणि यकृतात लवकर साचते, माणूस वरून बारीक दिसत असला तरीही. मग इन्शुलिनचं काम नीट होत नाही आणि ग्लुकोज रक्तातच फिरत राहते.

म्हणून मधुमेही माणूस म्हणतो, "डॉक्टर, अंगात एनर्जीच नाही." खरं तर ऊर्जा रक्तात भरपूर असते. गोदाम भरलेलं, पण माल साच्यापर्यंत पोचत नाही! अशा वेळी 'एनर्जी ड्रिंक' घेणं म्हणजे भरलेल्या गोदामात आणखी पोती टाकणं.

तुम्ही काय करायचं?

* कमरेला टेप लावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात.
* जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला. चालणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतो.
* आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं होऊ द्या. तासाभराने खुर्चीतून उठा.
* केवळ व्यायामाने वडापाव वसूल होत नाही, दीडशे मजले आठवा. म्हणून ताटातलंही थोडं कमी करा. सुरुवात गोड चहा, बिस्किटं आणि थंड पेयांपासून करा.
* इन्शुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम उतरू शकते. चालताना छातीत दुखलं किंवा दम लागला तर थांबा आणि लगेच दाखवा. औषध मनाने बंद करू नका.

आनुवंशिकता, अपुरी झोप, कामाच्या वेळा यांचाही मधुमेहात वाटा असतो. त्यामुळे रिपोर्ट पाहून स्वतःला अपराधी समजू नका. तुमच्या शरीराची रचना आजोबांसारखीच आहे आणि ऊर्जेचा नियमही तोच आहे. बदललं आहे ते तुमचं काम. आज संध्याकाळी सेनापती बापट मार्गावरून घरी जाताना टॅक्सी शोधण्याआधी दोन स्टॉप चालून बघा. पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा कमरेचं माप घेऊन या, ते आपण रिपोर्टच्या शेजारी लिहून ठेवू.