माणूस कप्प्यात मावतो काय?

पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील वेड्यांच्या इस्पितळात फिलिप पिनेल या वैद्याने एक चमत्कारिक रोगी पाहिला. लाडावलेला, एकुलता एक मुलगा. एका बाईने शिवीगाळ केली म्हणून त्याने तिला विहिरीत ढकलून दिले. बुद्धी मात्र शाबूत! ना भ्रम, ना बरळणे. १८०१ साली ग्रंथ लिहिताना पिनेलने अशा अवस्थेला ‘भ्रमाविना उन्माद’ म्हटले. १८३५ साली इंग्लंडात प्रिचर्डने ‘नैतिक वेड’ हा शब्द काढला. १९४१ साली अमेरिकेतील डॉ. हर्वी क्लेक्ली यांनी ‘शहाणपणाचा मुखवटा’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून अशा माणसांची लक्षणे सांगितली: वरवरचा गोडवा, खोटेपणा, पश्चात्तापाचा अभाव वगैरे. ‘सायकोपॅथ’ ही जणू माणसांची वेगळी जातच ठरली.

पण वाचकहो, ती खरोखर वेगळी जात आहे काय?

दुसरीकडे, १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. त्या वाटेने पुढे चाळण होत होत स्वभावाच्या पाच मोजपट्ट्या उरल्या. १९९८ साली विडिगर आणि लायनम यांनी दाखवले, की सायकोपॅथही याच पट्ट्यांवर मोजता येतो. सौजन्य अगदी तळाला, कर्तव्यबुद्धी कमी, आणि चिंता जवळजवळ नाहीच. यातला एकेक गुण आपल्यातही कमीअधिक असतोच. नुसती निर्भयता तर आग विझवणाऱ्याला उपयोगीच पडते! घात होतो तो मिश्रणाने.

आपण म्हणाल, हा पंडितांचा वाद. आम्हाला त्याचे काय? कॅनडातील रॉबर्ट हेअर यांच्या १९९१ सालच्या तपासणीत २० कलमे आहेत, कमाल गुण ४०. उत्तर अमेरिकेत ३० किंवा त्याहून अधिक गुणांना ‘सायकोपॅथ’ असा शिक्का बसतो. आता २९ गुणांचा कैदी आणि ३१ गुणांचा कैदी यांत फरक तो किती? पण एकाच्या सुटकेचा विचार होतो नि दुसऱ्याच्या कागदावर तो शब्द कायमचा चिकटतो. फौजेच्या भरतीत अर्ध्या इंचाने नापास झालेला माणूस काही बुटक्यांच्या वंशात जन्मलेला नसतो!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या रोगवर्गीकरणात व्यक्तिमत्त्वविकारांचे जुने कप्पे बहुतेक मोडले. सौम्य, मध्यम, तीव्र अशी पायरी आधी पाहायची, मग स्वभावविशेष. याचा अर्थ गुन्हा माफ, असा मुळीच नव्हे. विहिरीत पडलेल्या बाईला मोजपट्टीचे काय? न्याय कृत्याचा व्हावा. पण माणसाविषयी बोलताना ‘कोण’ याआधी ‘किती’ हे विचारावे, एवढेच.