नायट्राइटवाढ : नव्या मत्स्यटाकीतील

गोड्या पाण्याची काचेची टाकी नव्याने भरून तिच्यात मासे सोडले की साधारण दुसऱ्या आठवड्यापासून पाण्यातील नायट्राइट वाढू लागते. ते काही दिवस वरच राहते आणि सगळे सुरळीत असेल तर चार ते सहा आठवड्यांत शून्यावर येते. या मधल्या काळातील वाढीला नायट्राइटवाढ म्हणतात. पाणी स्वच्छ दिसते, त्याला वास नसतो, तरी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात आणि एकेक करून मरतात. मग बहुतेक घरांत टाकी रिकामी होते, रेती आणि स्पंज नळाखाली खळखळून धुतले जातात, नवे पाणी भरले जाते, आणि तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून घडते. या नोंदीचे प्रतिपादन असे की नायट्राइटवाढ हा पाण्याचा मळ नाही आणि माशांचा रोगही नाही. नायट्राइट खाणारे जीवाणू टाकीत अजून वसलेले नसतात, एवढाच तिचा अर्थ आहे. म्हणून व्यवस्थापनाची दिशा एकच राहते: जीवाणूंच्या वस्तीला धक्का न लावता, ती पूर्ण होईपर्यंत माशांचे रक्त सांभाळायचे. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या गावात हे कसे करायचे ते तिथल्या पाण्यावर, उन्हाळ्यावर आणि विजेवर अवलंबून आहे.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात; उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. हे काम सजीवांचे आहे हे फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी १८७७ मध्ये दाखवले, आणि दोन पायऱ्यांचे जीवाणू वेगवेगळे आहेत हे विनोग्राड्स्की यांच्या १८९० च्या सुमाराच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. दुसऱ्या गटाला पहिल्याने तयार केलेले खाद्य मिळेपर्यंत थांबावे लागते आणि तो वाढतोही सावकाश. दोन गटांमधल्या या अंतरातच नायट्राइट साठते. किती साठते याचा हिशेब सोपा आहे. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ४० टक्के प्रथिने असलेल्या १ ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन बाहेर पडला आणि पुढे नायट्राइट झाला, तरी ६० लिटरच्या टाकीत लिटरमागे सुमारे पावणेदोन मिलिग्रॅम नायट्राइटची भर पडते, तीही एका ग्रॅमने. त्यामुळे या काळात खाद्य एक दिवसाआड आणि चिमूटभरच द्यावे हा सल्ला मला सर्व औषधांहून मोलाचा वाटतो. निरोगी मोठे मासे काही दिवस उपाशी राहिल्याने मरत नाहीत.

नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनमधील लोहाचे स्वरूप बदलते. असे बदललेले हिमोग्लोबिन, म्हणजे मेथेमोग्लोबिन, प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. हीच रासायनिक क्रिया माणसाच्या तान्ह्या बाळातही घडू शकते. नायट्रेट असलेले विहिरीचे पाणी दुधात मिसळल्याने बाळे निळी पडतात, हे अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॉक्टर हंटर कॉमली यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. बाळाच्या पोटातील जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. फायटर किंवा गुरामी हे मासे वरची हवा घेऊ शकतात म्हणून सुरक्षित असतात, असे दुकानात सांगितले जाते. ते चुकीचे आहे. हवा कुठूनही आली तरी तिला वाहून नेणारे रक्तच निकामी झालेले असते.

नायट्राइट आत शिरते ते कल्ल्यांतील क्लोराइड शोषणाऱ्या पेशींच्या वाटेने. पाण्यात क्लोराइड भरपूर असेल तर ते ही वाट अडवून ठेवते, आणि स्वस्तातला, सिद्ध झालेला उपाय यातूनच मिळतो: साधे जाडे मीठ. मार्जार मत्स्यांच्या शेतीत नायट्राइटमधील नायट्रोजनच्या वीसपट क्लोराइड ठेवण्याचा प्रघात आहे. दर १० लिटर पाण्याला १ ग्रॅम मीठ टाकले तर लिटरमागे सुमारे ६० मिलिग्रॅम क्लोराइड मिळते, आणि वरच्या प्रमाणाने ते लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्राइटपर्यंत पुरते. गोड्या पाण्यातल्या माशांना मीठ मानवत नाही आणि वनस्पती जळतात, असा आक्षेप घेतला जातो. तो रोगांवर चमचे भरभरून मीठ टाकण्याच्या सवयीला लागू पडतो, या मात्रेला नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. इथे आपण तिच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहोत. मीठ आधी मगभर पाण्यात विरघळवून थोडे थोडे ओतावे. ते उडून जात नाही, म्हणून पुढे पाणी बदलताना जेवढे पाणी बदलले तेवढ्यापुरतेच मीठ द्यावे. मात्र मीठ नायट्राइट कमी करत नाही, फक्त त्याला रक्तात शिरू देत नाही. ते प्रत्यक्ष कमी करण्यासाठी पाणीच बदलावे लागते.

पाणी बदलण्याला मोठा विरोध असतो: त्याने जीवाणू वाहून जातात आणि उरलेले उपाशी राहतात, परिणामी टाकी ‘तयार’ व्हायला उशीर लागतो. यातला पहिला भाग टिकत नाही. हे जीवाणू मुख्यतः स्पंज, रेती, काच अशा पृष्ठभागांवर चिकटून राहतात. पाण्यात त्यांचा अगदी थोडा अंश असतो. दुसऱ्या भागाचे उत्तर १९९८ मध्ये मिळाले. टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या मत्स्यटाक्या तपासल्या, तेव्हा नायट्राइट संपवणारे जीवाणू पाठ्यपुस्तकांतल्या नायट्रोबॅक्टरऐवजी नायट्रोस्पायरा गटाचे आढळले. हा गट अल्प नायट्राइटवर जगण्यात तरबेज आहे. ५ मिलिग्रॅमचे अडीच केले म्हणून तो उपाशी मरत नाही, उलट अशाच पाण्यात त्याचे बस्तान बसते. तेव्हा नायट्राइट १ मिलिग्रॅमच्या वर असेपर्यंत रोज किंवा दिवसाआड तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे, आणि मासे धापा टाकत असतील तर त्याच दिवशी निम्मे बदलून वर मीठ द्यावे. पालिकेच्या नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडरीचे क्लोरीन असते, म्हणून ते हायपो घालून किंवा दिवसभर उघडे ठेवून मगच वापरावे. शेतकरी घरात फवारणीची बादली कधीही या कामाला लावू नये. स्पंज धुवायची वेळ आलीच तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. मिथिलीन ब्लू हे मेथेमोग्लोबिनवरचे खरे औषध आहे आणि माणसांच्या उपचारातही वापरले जाते, पण ते जीवाणूंनाही मारते. द्यायचेच असेल तर मासा वेगळ्या भांड्यात काढून द्यावे. टाकीत ओतले तर जी वस्ती उभी करायची तीच आपण पाडतो. अँटिबायोटिकचीही तीच गत.

आता दिग्रसचे पाणी. यवतमाळ जिल्ह्याचा बराच भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आणि काळ्या मातीचा आहे, आणि अशा खडकातले विहिरी-बोअरचे पाणी सामान्यतः जड व अल्कधर्मी असते. शिवाय महाराष्ट्रातील नायट्रेटग्रस्त भूजलाच्या जिल्ह्यांत केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालात यवतमाळचे नाव आहे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे, आणि शेतांतील खते, गोठे, शौचकूप यांमुळे ती अनेक ठिकाणी ओलांडली जाते. मत्स्यपालनाच्या पुस्तकांतली एक सर्वमान्य खूण त्यामुळे इथे बिनकामाची ठरते. पुस्तके सांगतात, पाण्यात नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली. बोअरच्या पाण्यात ते पहिल्या दिवसापासूनच असेल तर या खुणेवर विसंबून मासे वाढवणारा हमखास फसतो. त्यातच नायट्रेटची घरगुती चाचणी आधी नायट्रेटचे नायट्राइट करून मग रंग आणते, म्हणून टाकीत नायट्राइट असेल तर तिचा आकडा फुगलेला येतो. यावर तोडगा म्हणजे टाकी भरण्यापूर्वी बोअरचे पाणी तपासून आकडा लिहून ठेवणे आणि पुढे निर्णय फक्त अमोनिया व नायट्राइट यांवर घेणे. नायट्राइटची थेंबांची चाचणी ग्रीस अभिक्रियेवर चालते आणि गुलाबी-जांभळा रंग देते. रंगपट्टीच्या टोकाला पोहोचलेला रंग खरा आकडा सांगत नाही. तेव्हा नमुन्यात चौपट शुद्ध पाणी मिसळून पुन्हा तपासावे आणि आलेला आकडा पाचाने गुणावा. काही संच नायट्राइट मोजतात, काही फक्त त्यातला नायट्रोजन. दुसऱ्याचा आकडा ३.२८ ने गुणला की पहिला मिळतो.

जड पाण्याला घाबरून बरेच जण टाकीत आरओचे पाणी भरतात, माशांना शुद्ध पाणी दिल्याचे समाधान मिळते. नव्या टाकीसाठी हा निर्णय दोन्ही बाजूंनी तोट्याचा आहे. अमोनियातील १ मिलिग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. आरओच्या पाण्यात ती जवळपास नसते, त्यामुळे सामू घसरतो आणि जीवाणूंचे काम मंदावते. क्लोराइडही गाळले गेलेले असते, म्हणजे माशाचे नैसर्गिक संरक्षणही गेले. बोअरच्या जड पाण्यात उलट एक धोका आहे आणि तो लपवून चालणार नाही: सामू ८ च्या पुढे असेल तर अमोनियाचा विषारी अंश सामू ७ च्या तुलनेत नऊ-दहा पटींनी वाढतो. म्हणूनच पहिल्या दहा दिवसांत अमोनियाची चाचणी नायट्राइटइतकीच गरजेची आहे. एवढे सांभाळले तर गप्पी, मॉली, प्लॅटी यांच्यासाठी इथले बोअरचे पाणी आरओपेक्षा केव्हाही चांगले.

विदर्भाचा उन्हाळा या प्रश्नाला धार आणतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. रक्ताची वाहतूक आधीच नायट्राइटने तोडलेली असताना पाण्यातला साठाही आटतो, आणि १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवताना जीवाणू स्वतः साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू घेतात. एप्रिल-मे मध्ये नवी टाकी सुरू करूच नये. दिवाळीनंतरचे दिवस त्याला अधिक योग्य. दुसरी अडचण भारनियमनाची. बंद डब्याच्या फिल्टरमधले पाणी थांबले की आतल्या जीवाणूंना काही तासांतच प्राणवायू कमी पडतो, आणि वीज आल्यावर तेच कुबट पाणी टाकीत येते. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर दिसायला ओबडधोबड असला तरी तो टाकीतच उघडा असतो आणि बॅटरीच्या छोट्या पंपावर तगून राहतो. दिग्रसमधल्या नव्या टाकीला मी त्याचीच शिफारस करीन.

सर्वांत वजनदार आक्षेप गावागावांतल्या अनुभवातून येतो. हिवताप रोखण्यासाठी आरोग्य विभाग हौदांत आणि डबक्यांत गप्पी सोडत आला आहे. तिथे ना फिल्टर, ना मीठ, ना चाचणी, तरी ते वर्षानुवर्षे वाढतात. मग काचेच्या टाकीत एवढा खटाटोप कशाला? हौदाच्या भिंतींवर जुने शेवाळ आणि जीवाणूंचा बुळबुळीत थर असतो, शेवाळ स्वतः अमोनिया शोषते, मासे पाण्याच्या मानाने विरळ असतात आणि त्यांना वरून खाद्य घालणारे कोणी नसते. म्हणजे जी वस्ती आपण दीड महिन्यात उभी करू पाहतो, ती हौदात आधीच असते. हौदाचे उदाहरण वरच्या प्रतिपादनाला छेद देत नाही, त्याचा पुरावाच देते, आणि सर्वांत जलद उपायही सुचवते: ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज ओलाच आणून नव्या टाकीत लावावा. बाटलीतल्या जीवाणूंनीही हे साधू शकते, पण त्यांत नायट्रोस्पायरा जिवंत हवेत, आणि उन्हाने तापलेल्या वाहतुकीनंतर त्याची खात्री देणे कठीण. मासे सोडण्याआधी अमोनिया थेंबथेंब देऊन टाकी तयार करण्याची पद्धत माशांच्या दृष्टीने सर्वांत दयाळू आहे. तिच्यात अमोनियाचा डोस लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवावा.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य राहिले की टाकी तयार झाली असे धरावे. तरी जीवाणूंची संख्या तेव्हाच्या माशांपुरतीच असते. नंतर एकदम दहा मासे आणले तर नायट्राइट काही दिवस पुन्हा वर येते, म्हणून दोन-तीन मासे सोडून आठ-दहा दिवस चाचणी घ्यावी आणि मगच पुढचे आणावेत. पावसाळ्यात शेतांतले नायट्रेट झिरपून विहिरींत उतरते, तेव्हा सप्टेंबरच्या सुमारास बोअरच्या पाण्याची चाचणी नव्याने करून पहिल्या आकड्याशेजारी दुसरा लिहावा.